वाघोटन खाडीकाठच्या तांडेलकाकांना जाहीर आभारपत्र

आदरणीय तांडेलकाका,

सप्रेम नमस्कार.

ऑक्टोबर २०१९ मध्ये ‘क्यार’ चक्रीवादळाच्या दिवसांत गळ टाकून मासे धरण्याचा छंद असलेल्या आम्हा पुण्याच्या मित्रांना आणि आमच्या तरुण होडीवाल्याला तुम्ही घरात घेतलेत, जेवू घातलेत आणि दिवाळीही आपल्या अंगणात साजरी करू दिलीत. त्याबद्दल आभार मानावेत तेवढे थोडेच आहेत. परंतु हे पत्र मुख्यतः वेगळ्याच गोष्टीसाठी लिहीत आहे. त्या शनिवारी सकाळी पाऊस थांबल्यावर आम्ही परत निघालो असताना तुम्ही आम्हाला अडवलेत, आम्ही नाराज झालो तरी बधला नाहीत, याबद्दल तुमचे जाहीर आभार मानायचे आहेत. तुमचे नाव आणि वाडीचे नाव मी लिहीत नाही, कारण ते छापून आलेले तुम्हाला आवडणार नाही हे मला ठाऊक आहे. तुमच्या घरातील मंडळींनी हे वाचून दाखवले की पत्र कोणाला आहे ते तुम्हाला कळेलच.

गुरुवार, २४ ऑक्टोबर रोजी मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये असा इशारा होता, बंदरावर बावटा लागलेला होता आणि म्हणूनच आमच्या होडीवाल्याने समुद्राचे नाव न काढता होडी खाडीत आत घेतली होती. त्याचा तो निर्णय योग्यच होता. पावसाळ्याचे गोडे पाणी ओसरून खाडी पुन्हा खारी होऊ लागली की तिवरांच्या मुळांशी तांबोशी आणि जिताडा मिळण्याची आशा असते, आणि जिवंत कोळंबी गरीला लावून भरती-ओहोटीच्या बदलावर वाट पाहत बसणे हे आमच्यासारख्यांना घरच्या फराळापेक्षाही गोड वाटते. (आमच्या घरच्यांना हे वाक्य आवडणार नाही, पण ते खरे आहे.) दुपारी नैर्ऋत्येकडून जो सोसाटा आला, त्यात समोरचा काठ तर सोडाच, होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर बसलेला माणूसही नीट दिसेना. होडी मूळ पात्र सोडून तिवरांच्या बाजूला ढकलली गेली, मशीनचा पंखा चिखलात अडकला आणि ओहोटीचे पाणी आमच्याखालून निघून गेले.

अशा वेळी शहरी माणसाला पहिली बुद्धी सुचते ती खाली उतरून होडी ढकलण्याची. काठावरून तुमची हाक आली नसती तर आमच्यापैकी एकजण उतरलाच असता. तो चिखल कमरेपर्यंत माणसाला गिळतो, हे तुम्ही नंतर काठीने मोजून दाखवलेत. तुम्ही आम्हाला नांगर टाकून, ताडपत्री अंगावर घेऊन स्वस्थ बसायला सांगितलेत आणि वर हेही सांगितलेत की आज एकादशी आहे, तेव्हा पूर्ण भरती रात्री सव्वाआठला होईल आणि त्याआधीच, दिवे लागायच्या सुमारास होडी आपोआप उचलली जाईल. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हा हिशेब मी पूर्वी ऐकला होता. परंतु गारठलेल्या अवस्थेत अकराची पाऊणपट सव्वाआठ होते हे मनाशी ताडून पाहताना त्याचा जो आधार वाटला, तो कोणत्याही छापील वेळापत्रकाचा वाटला नसता. सांगितलेल्या सुमारास होडी तरंगली, तुम्ही काठावरून दोर फेकलात आणि विजेरीच्या उजेडात आम्हाला तुमच्या धक्क्याला आणून बांधलेत.

त्यानंतरच्या पाहुणचाराचे वर्णन मी लांबवत नाही, कारण ते वाचून तुम्ही संकोचाल. वीज गेलेली, मोबाईलला रेंज नाही, व्हाळाला (ओढ्याला) पूर येऊन रस्त्यावरचा साकव, म्हणजे छोटा पूल, पाण्याखाली गेलेला, आणि अशा वेळी काकींनी उकड्या तांदळाची पेज, भाजलेला सुका बांगडा आणि कुळथाची पिठी आमच्यापुढे ठेवली. ओले कपडे चुलीवरच्या दोरीवर वाळत घातले गेले आणि कोरडे कपडे तुमच्या मुलाच्या पेटीतून निघाले. तुमचे स्वतःचे भात त्या वेळी शेतात कापून पडलेले होते आणि पावसात भिजत होते. त्या ऑक्टोबरातील पावसाने कोकणात कितीतरी शेतकऱ्यांचे हाताशी आलेले भात गेले. तुमचेही त्यात गेले. तरीही आमच्यासमोर त्याचा उल्लेख तुमच्या तोंडून झाला नाही. ती गोष्ट आम्हाला शेजारच्या घरातून कळली.

आता त्या शनिवारच्या सकाळविषयी. पाऊस थांबला होता, ढग फाटून ऊन पडले होते आणि तिवरांचे पानही हलत नव्हते. साकवावरून अजून पाणी वाहत असल्यामुळे रस्ता बंद होता, पण खाडीतून उतरून विजयदुर्गच्या जेटीवर पोहोचले की आमची गाडी तिथेच उभी होती. दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन होते, घरच्यांना आमचा काही निरोप नव्हता, आणि होडीवाल्याच्या आईचाही जीव टांगणीला लागलेला असणार हे उघड होते. आम्ही न्याहारी उरकून सामान होडीत ठेवले तेव्हा तुम्ही धक्क्यावर येऊन दोर सोडू न देता त्यावर पाय ठेवून उभे राहिलात आणि एवढेच म्हणालात, “वारो पडलो, पण दर्यो पडूक नाय.”

आमच्या एका मित्राने तुमच्याशी वाद घातला. पुण्याहून निघतानाच मोबाईलमध्ये साठवून ठेवलेल्या अंदाजात शनिवारी वाऱ्याचा वेग कमी होणार असे दाखवले होते, आणि ते चुकीचेही नव्हते. तुम्ही मात्र रागावला नाहीत. धक्क्याच्या पायरीवर बसून तुम्ही समजावलेत की आज त्रयोदशी, म्हणजे भरती पावणेदहाला पूर्ण होणार आणि त्यानंतर निघालेली होडी ओहोटीबरोबर मुखाकडे जाणार. त्या ओहोटीत वरच्या डोंगरांवरून आलेले पुराचे पाणीही मिसळलेले असल्याने तिला नेहमीपेक्षा कितीतरी जास्त ओढ असणार. आणि बाहेरून दूरच्या वादळाच्या मोठ्या लाटा मुखाशी येत असणार. आत येणारी लाट आणि बाहेर जाणारे पाणी समोरासमोर आले की लाट आखडते, उंच होते आणि उभीच्या उभी फुटते. त्या जागी लहान होडी वळवताही येत नाही आणि मागेही घेता येत नाही, कारण मागून पाणी ढकलतच असते. अमावस्या तोंडावर असल्याने उधाण रोज वाढतच जाणार होते, म्हणून उद्याचा दिवस आजच्यापेक्षा सोपा असेल अशीही आशा धरू नका, असे तुम्ही स्पष्ट बजावलेत.

हे सगळे तुम्ही खाडीच्या आत, जिथे पाण्यावर साधी लहरही नव्हती, अशा ठिकाणी बसून सांगत होता, हे मी आजही विसरू शकत नाही. समोर दिसणारे सगळे तुमच्या म्हणण्याच्या विरुद्ध होते. आम्हाला पटले नव्हते, हे तुम्हालाही दिसत होते. तरीही दोरावरचा पाय तुम्ही काढला नाहीत. मग तुम्ही आम्हाला मागच्या सड्यावर घेऊन गेलात. त्या कातळावरून दूरवर खाडीचे मुख दिसत होते आणि तिथे पांढऱ्या फेसाची एक ओळ सारखी उठत होती आणि मोडत होती. वारा नसताना ती ओळ पाहिल्यावर आमचा वाद तिथेच संपला; होडीवाल्याने कानाला हात लावला आणि तो खाली जाऊन सामान उतरवू लागला.

पुढे घरी आल्यावर वाचले तेव्हा तुमच्या सांगण्यामागील चित्र पूर्ण झाले. २४ तारखेला तीव्र झालेले कमी दाबाचे क्षेत्र आधी कोकण किनाऱ्याच्या दिशेने सरकले, शुक्रवारी रत्नागिरीपासून दोन-अडीचशे किलोमीटर अंतरावर असताना त्याचे चक्रीवादळ झाले, आणि मग ते किनाऱ्यावर न येता पश्चिमेला, ओमानच्या दिशेने वळले. म्हणूनच आपल्याकडे वारा पडला. पण वादळ विरले नव्हते. उलट दूर जाताना ते बळावत होते. रविवारी, म्हणजे आपण लक्ष्मीपूजन करत होतो त्या दिवशी, ताशी सुमारे २४० किलोमीटर वेगाच्या वाऱ्यांसह ते महाचक्रीवादळ बनले. २००७ च्या ‘गोनू’नंतर अरबी समुद्रात एवढे मोठे वादळ झाले नव्हते. अशा वादळाने उठवलेल्या लाटा वाऱ्याला मागे सोडून शेकडो किलोमीटर प्रवास करतात आणि निरभ्र आकाशाखाली किनाऱ्यावर येऊन आदळतात. हैदराबादची ‘इन्कॉईस’ ही संस्था अशा लाटांचे इशारे वाऱ्याच्या अंदाजापासून वेगळे का देते, ते मला तुमच्या सड्यावर उभे राहिल्यामुळे समजले.

त्या संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात तुम्ही ११ नोव्हेंबर २००९ च्या ‘फयान’विषयी बोललात. तुम्ही त्या दिवशी ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे नौकेचे प्रमुख होता आणि किनारा गाठेपर्यंत तुमच्या डोळ्यांसमोर काय काय झाले, ते तुम्ही अगदी थोडक्यात सांगितलेत. मीही ते इथे विस्ताराने लिहिणार नाही. २०१७ च्या डिसेंबरमध्ये ‘ओखी’ वादळाने भरकटलेल्या केरळ आणि तमिळनाडूच्या ६८ नौका नऊशेहून अधिक मच्छीमारांसह देवगड बंदरात आश्रयाला आल्या, तेव्हा तुम्ही भाषा येत नसतानाही त्या खलाशांबरोबर बसून जेवला होता, ही आठवण मात्र तुम्ही हसत हसत सांगितलीत. परक्या होडीला धक्का नाकारायचा नाही, हा तुमच्या किनाऱ्याचा रिवाज आहे, आणि आम्ही छंदापायी आलेले आहोत, पोटापायी नाही, हा फरकही तुम्ही आमच्याबाबतीत केला नाहीत. तसा फरक करण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार होता, असे मला वाटते.

रविवारी पहाटे तुळशीपुढे अंगठ्याखाली कारीट फोडून आम्ही तुमच्या नातवंडांबरोबर ‘गोविंदा’ म्हणून ओरडलो आणि काकींच्या हातचे नाना तऱ्हेचे पोहे खाल्ले. साकवावरचे पाणी उतरल्यावर तुम्ही स्वतः आम्हाला सड्यावरच्या पायवाटेने पलीकडच्या रस्त्यापर्यंत सोडलेत, आणि होडी मात्र उधाण ओसरेपर्यंत तुमच्याच धक्क्याला ठेवून घेतलीत. पुढे भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असण्याच्या दिवसांत तुम्ही तीत बसून होडीवाल्याला मुखाबाहेर नेऊन पोहोचवलेत, हे त्याने आम्हाला फोनवर कळवले. त्याचेही आभार तुमच्यापर्यंत पोहोचवण्याचे काम त्याने माझ्यावर सोपवले आहे.

तुमच्यामुळे आमच्या मंडळींच्या सवयी बदलल्या. आता आम्ही निघण्यापूर्वी वाऱ्याबरोबर लाटांचा इशारा वेगळा पाहतो, तिथीवरून ओहोटीची वेळ काढतो आणि मुखाजवळ राहणाऱ्या एखाद्या जाणत्या माणसाला विचारल्याशिवाय खाडीतून बाहेर पडत नाही. त्याने नको म्हटले तर आम्ही कारण विचारतो, पण वाद घालत नाही. होडीवर पाणी, विजेरी, ताडपत्री आणि लांब दोर नेहमी असतो. नवख्या गळकऱ्यांना चिखलात उतरू नका हे आम्ही पहिल्याच दिवशी सांगतो, आणि ते सांगताना तुमची हाक जशी होती तशीच मोठ्याने सांगतो.

निघताना आम्ही पुढे केलेले पैसे तुम्ही परत आमच्या खिशात घातलेत आणि द्यायचेच असेल तर चांगल्या प्रतीचा तंगूस (गळाचा नायलॉनचा दोरा) आणि गऱ्या पाठवा, इकडे मिळतो तो दगडावर घासून लगेच तुटतो, असे म्हणालात. त्यानुसार आधी पाठवलेला माल तुमच्या नातवाने गोबरा मासा धरण्यासाठी वापरून संपवला, असे कळले. नवे पार्सल याच आठवड्यात रवाना केले आहे. या वेळी तंगूस थोडा जाड घेतला आहे आणि गऱ्या दोन मापांच्या आहेत. लहान माप काकींनी सांगितलेले आहे, तेव्हा तो डबा कृपया त्यांच्याकडेच द्यावा.

काकींना आमचा सर्वांचा साष्टांग नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला नम्र,
पुण्याचा एक गळकरी