बंड्यास पत्र : पॅटर्न बदलाचा खांब

कोल्हापूर,
रविवार, रात्री

प्रिय बंड्या,

दिवाळीपासून तुझ्या मेसेजना नुसते अंगठे पाठवतोय. राग आला असेल तर तो साठवून ठेव, पुढच्या वेळी मिसळ खाताना काढ. आईचा गुडघा बरा आहे, माझी शुगर काबूत आहे. आता मुद्द्याचं लिहितो. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर तो म्हणेल, ‘मग यात काय एवढं?’ तुला कळेल. तू इथल्या फाउंड्रीत, या लोखंडाच्या ओतकाम कारखान्यात, चाचांच्या हाताखाली साच्याची वाळू चाळलेली आहेस.

मागच्या आठवड्यात वर कॅबिनमध्ये मीटिंग होती. आकडे बघून सल्ले देणारी नवी सिस्टिम आल्यापासून भिंतीवर मोठा पडदा आहे. त्यावर बंद वेळेचा पॅरेटो लावला होता, म्हणजे साचे करणारी मोल्डिंग लाइन कशामुळे किती थांबली त्याचे खांब. सगळ्यांत उंच खांब पॅटर्न बदलाचा, म्हणजे वाळूत साचा उठवायचा नमुना बदलताना गेलेल्या वेळेचा. खाली सिस्टिमची शिफारस : झटपट पॅटर्न बदलायची यंत्रणा घ्या, अमुक महिन्यांत पैसे वसूल. धाकटे मालक खूश झाले, लगेच कोटेशन मागवलं. मी त्या खांबाकडे बघतच राहिलो. आपल्या लाइनवर पॅटर्न बदलायला किती वेळ लागतो हे तू झोपेतही सांगशील. तो खांब एवढा उंच होऊच शकत नाही.

म्हणून दुसऱ्या पाळीला खाली जाऊन उभा राहिलो. संध्याकाळ झाली आणि लाइन थांबली. साचे ओळीनं तयार, ओतायला मेटल, म्हणजे वितळलेलं लोखंड, नाही. टॅबलेटवर कारणांची यादी उघडली आणि लाइनवरच्या पोरानं दाबलं, ‘पॅटर्न बदल’. मी शेजारी उभा आहे हे त्याला दिसत होतं, तरी हात अडखळला नाही. चहाच्या वेळी त्याला बाजूला घेऊन विचारलं. सरळ बोलला : “सर, ‘मेटल नाही’ दाबलं की सकाळी फर्नेसच्या मामांना वर बोलावतात. पॅटर्न बदल दाबला की कुणाला बोलणी बसत नाहीत. त्याला टाइम मंजूर आहे.”

बंड्या, त्या पोराला अजून मिसरूड नीट फुटलेली नाही, आणि तो मामांना सांभाळून घेतोय. मला त्याच्यावर रागावताच येईना.

मग मामांकडे गेलो. मेटल का नाही? तर सिस्टिमनं हीट, म्हणजे फर्नेसमधला वितळवायचा घाणा, उशिरा लावायला सांगितलं म्हणून. हे तुला नीट सांगतो, कारण खरी गोम इथंच आहे. केंद्राच्या २०२३ च्या नियमांनी उद्योगांसाठी उन्हाच्या तासांतली वीज नेहमीच्या दरापेक्षा किमान २० टक्के स्वस्त आणि मागणीच्या तासांतली किमान २० टक्के महाग ठेवायची असं ठरलं. इंडक्शन फर्नेसमध्ये एक टन लोखंड वितळवायला साधारण ६०० युनिट जातात. तेव्हा संध्याकाळच्या हीट टाळल्या की बिलात फरक दिसतो, आणि तो खराच दिसतो. मी तो नाकारत नाही. पण वीज वाचवणारा भाग फर्नेसकडे बघतो आणि लाइनचा भाग लाइनकडे. मधल्या मोकळ्या साच्यांकडे कुणीच बघत नाही. मामांच्या पडद्यावर शिफारस येते, ‘हीट पुढे ढकला’. ‘मान्य’ला एकदा बोट लावलं की झालं. ‘अमान्य’ म्हणायचं तर कारण लिहा, सुपरवायझरचा पासवर्ड घ्या, वर ती नोंद थेट मालकांच्या मोबाइलवर. मामा मान्य करतात. तूही केलं असतंस.

झालेलं असं : वीज वाचवायला सिस्टिमनं लाइन उपाशी ठेवली, पोरांनी ती उपासमार पॅटर्न बदलाच्या नावावर घातली, आणि त्या नावावर सिस्टिम आता यंत्रणा घ्यायला सांगते आहे. तेवढ्या पैशांत वाळू गार करायचा कूलर येईल. तो आपण दोघांनी केव्हापासून मागितलाय!

एवढ्यावरच थांबत नाही. काही वेळा हीट तयार असते, पण ताळमेळ चुकल्यानं मेटल फर्नेसमध्ये तसंच धरून ठेवावं लागतं. गरम मेटल फार वेळ धरलं की काय होतं ते तुला सांगायला नको. कार्बन घसरतो, चिल (लोखंडाचा कडक, पांढरा थर) वाढतो, कडा कडक येतात. मशीनशॉपवाल्यांचा फोन आला, ‘कास्टिंग हार्ड आहे, टूल तुटतायत.’ त्यावर चार्जमधलं, म्हणजे फर्नेसमध्ये वितळायला घालतो त्यातलं, स्क्रॅप बदला असं ठरलं. स्क्रॅपचा काय दोष?

मला चाचांची लाल वही आठवली. तू तिची किती टिंगल करायचास! ‘वाळू आज रुसली’ हे वाक्य एक्सेलच्या कुठल्या रकान्यात बसवायचं असं विचारून तू त्यांना हैराण केलं होतंस. (स्वतःच्या लग्नाच्या पंगतीचीही तू शीट केली होतीस, आणि जिलेबी तरी कमीच पडली.) पण त्याच वहीत असंही असायचं : ‘मेटल नाही. फर्नेसचा दोष नाही, लाइट गेली होती.’ एका ओळीत कारण, आणि माणसाचा बचावही. यादीतून एक नाव निवडताना तो बचाव लिहायला जागाच उरत नाही. मग पोरं तो दुसऱ्या मार्गानं करतात.

तू म्हणशील, ‘पम्या, तुझं जुनंच तुणतुणं.’ तसं नाही. चाचांची वही बरी की तुझे आकडे, या आपल्या जुन्या भांडणात तुझंही अर्धं खरं होतं, हे मी लिहून देतो. उन्हाळ्यात परतीची (साचे फोडून पुन्हा वापरायला आलेली) वाळू पन्नास अंशांच्या वर जाते आणि कास्टिंगमध्ये ब्लो होल, म्हणजे वायूची भोकं, वाढतात, हे चाचा मुठीनं सांगायचे, पण वर कुणी ऐकायचं नाही. सेन्सर लावल्यावर तोच आलेख समोर आला आणि दोन दिवसांत पाण्याच्या फवाऱ्याला मंजुरी मिळाली. चाचांना ते कळलं तेव्हा म्हणाले, “मशीनला जीभ आली, बरं झालं.” वाळू, मीटर, तापमान, धातूचे घटक मोजणाऱ्या स्पेक्ट्रोचा रिपोर्ट, यांना कुणाला वाचवायचं नसतं. अडचण माणसानं भरायच्या रकान्यात आहे. तो रकाना आपण मीटरसारखा वाचतोय.

तुझा तो सेमिनार आठवतो? शूहार्ट. १९२४ साली वेस्टर्न इलेक्ट्रिकमध्ये त्यानं पहिला कंट्रोल चार्ट, म्हणजे काम ठरल्या रेषांच्या आत चाललंय का ते दाखवणारा आलेख, काढला, आणि पुढं स्वातंत्र्याच्या सुमारास संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांनी त्याला भारतात बोलावलं, असं तू सांगितलंस. मागच्या बाकावरून मी विचारलं होतं की ठिपका रेषेबाहेर गेला की कारण कोण सांगणार. तू म्हणालास, चार्ट फक्त ‘आता शोधायला जा’ एवढंच सांगतो. बंड्या, ते वाक्य या आठवड्यात सारखं डोक्यात येतंय. आमच्या पडद्यावर ‘जा’ म्हणणारं काही नाही. तो थेट ‘घ्या’ म्हणतो.

आता ज्यानं झोप लागत नाही ते. गुरुवारी कोटेशनवर सही आहे. त्याआधी मला वर सांगायचंय की तो खांब खरा नाही. सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला : खोट्या नोंदी कुणी केल्या? प्रत्येक नोंदीला लॉगिन आहे, नाव आहे, वेळ आहे. एचआरनं कुठल्याशा निमित्तानं ती यादी आधीच मागवली आहे. पोरं कंत्राटी आहेत, त्यांना नोटीस न देताही काढून टाकतील. मामांची निवृत्ती तोंडावर आली आहे. गप्प बसलो तर पैसे भलत्या जागी जातील, लाइन तशीच थांबेल, आणि वर्षभरानं म्हणतील की यंत्रणा घेऊनही सुधारणा नाही, माणसंच कामचुकार. बोललो तर आजच त्यांच्यावर येईल. टोयोटामध्ये काही अडलं म्हणून कामगारानं लाइनवरची दोरी ओढली की टीम लीडर धावत येऊन आधी काय अडलंय ते विचारतो. आमच्याकडे दोरीला नाव चिकटवलंय, मग ती ओढणार कोण?

वाट एकच दिसते. माणसांच्या नोंदींना हातच लावायचा नाही. लाइन कधी थांबली हे पीएलसी, म्हणजे मशीन चालवणारा छोटा कॉम्प्युटर, आपोआप लिहितो. फर्नेस किती वाजता किती वीज ओढत होती ते मीटर लिहितो. दोन्ही एका पट्टीवर एकाखाली एक ठेवले तर लाइन थांबलेली आणि फर्नेस थंड पडलेली, हे कुणाचंही नाव न घेता दिसेल. पोराची साक्ष नको, मामांचीही नको. आणि त्याच कागदावर दोन मागण्या : ‘अमान्य’ दाबणं ‘मान्य’इतकंच सोपं करा, आणि कारणांच्या यादीशेजारी मराठीत बोलून नोंद करायची सोय द्या, नावाशिवाय.

अडलंय ते इथं : मीटरचं घड्याळ आणि पीएलसीचं घड्याळ जुळत नाही. फरक रोज तेवढाच आहे की वाढत जातो, तेही समजत नाही. तू पुण्यात हेच करतोस ना दिवसभर? एखादी लाइट गेलेली वेळ दोन्हीकडे सापडली तर तिथं खुंटी मारून बाकीचं सरकवता येईल असं मला वाटतं. बरोबर आहे का? डेटा बाहेर पाठवता येणार नाही, पण रीत सांग. आणि लॉगिनची यादी मागितली तर काय बोलू, तेही सांग. तू असल्या मीटिंगांत बसतोस, तिथली भाषा मला येत नाही.

चिंगीची बारावी ना यंदा? तिला म्हणावं काकानं विचारलंय. फ्लॅटचा ताबा मिळाला का? वहिनींची नवी नोकरी कशी आहे? काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल, फोनवर सांग सगळं.

चाचांना यातलं काही सांगितलेलं नाही. ते उठून थेट कॅबिनमध्ये जातील.

उद्या किंवा परवा रात्री नऊनंतर फोन कर. बुधवारी मी दुसऱ्या पाळीला खाली असेन, तेव्हा उचलणार नाही.

तुझा,
पम्या