मगे सुरमय काय यष्टीन इली?

मा. संपादक,
स. न.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत पावसाळी कोकणावर पानभर मजकूर होता. घाट, धुके, धबधबे सगळे झकास. पण शेवटच्या चौकटीत ‘मालवणला गेलात तर ताजी सुरमई थाळी चुकवू नका’ असा सल्ला होता. त्याच अंकात आत बाजारभावाच्या रकान्यात गणेश पेठेतल्या बाजारात समुद्री मासळीची आवक घटल्याचे, मासेमारी बंद असल्याचे छापले आहे. दोन्ही पाने एकाच माणसाने तपासली असती तर हे पत्र लिहावे लागले नसते.

१ जून ते ३१ जुलै या काळात महाराष्ट्रात यांत्रिक नौकांना समुद्रात मासेमारीची बंदी असते. दर्या खवळलेला आणि बऱ्याच माशांचा विणीचा हंगाम, म्हणून. तेव्हा जुलैत मालवणात ताजी सुरमई कुठून येते?

हा प्रश्न मूळचा माझा नाही. टपाल खात्यात माझ्याबरोबर नऊ वर्षे वर्गीकरणाला असलेला एक मित्र निवृत्तीनंतर मालवण तालुक्यातल्या आपल्या गावी राहायला गेला. गेल्या वर्षी गटारीच्या आधी (पंचांगात तिला दिव्याची अवस म्हणतात, पण ते कोण बघतो) मी आणि सौ. त्याच्याकडे गेलो. कोल्हापूर, राधानगरी, फोंडा घाट करत कणकवलीच्या पुढे आलो तेव्हा दीड वाजला होता. ‘ताजे मासे’ अशी पाटी दिसली, गाडी थांबवली आणि खुर्ची ओढायच्या आत मी विचारले, “सुरमई आहे?” होती. साडेचारशे रुपये थाळी. वर रव्याचे कुरकुरीत कवच, आत चव गेलेला, कापसासारखा मासा. तरी कोकणात आलोय म्हणून मन लावून खाल्ला.

संध्याकाळी मित्राच्या आईने, काकींनी, विचारले काय जेवलात. मी ऐटीत सुरमई म्हणालो. काकी पंचाऐंशीच्या पुढच्या. हातातला विळा खाली ठेवून म्हणाल्या, “दर्यात एक होडी नाय, मगे सुरमय काय यष्टीन इली?”

सगळे घर हसले. नंतर मित्राने सांगितले ते ऐकून वाटले, काकींचा नेम फार चुकलेला नव्हता. पूर्व किनाऱ्यावरची बंदी १५ एप्रिलला सुरू होते आणि १४ जूनला उठते. त्यामुळे आपल्याकडे नौका वर ओढलेल्या असतात तेव्हा तिकडचा मासा बर्फात घालून, ट्रकने इकडे येऊ शकतो. नाहीतर शीतगृहातला असतो. दोन्हींत गैर काही नाही. पण त्याला ताजा म्हणू नये आणि मालवणचा तर मुळीच म्हणू नये.

त्या रात्री काकींनी जे वाढले ते कुठल्याच थाळीच्या फलकावर मी पाहिलेले नाही. मे महिन्यात खारवून वाळवलेले बांगडे पावसाच्या बेगमीला डब्यात भरून ठेवलेले होते. त्यातले दोन चुलीतल्या निखाऱ्यावर टाकले. वास सुटला तशी सौ. ओटीवर जाऊन बसली (माहेर सदाशिव पेठ). काकींनी बांगड्याचे डोके आणि मधला काटा काढून टाकला आणि मासा हातानेच कुस्करला. परातीत कांदा मिठाबरोबर चांगला चुरला, भाजलेली सुकी मिरची चुरडली, मूठभर ओले खोबरे आणि चमचाभर कोकमाचे आगळ घातले. बांगडा मात्र पाने मांडल्यावर, अगदी शेवटी मिसळला, कारण आधी घातला तर तो मऊ पडतो. ही किसमूर. सोबत उकड्या तांदळाची पेज, आणि फणसाच्या आठळ्या घालून केलेला गोलमो, म्हणजे आपला सुका जवळा. दुसऱ्या घासाला सौ. आत आली, ती पेज संपेपर्यंत उठली नाही.

दुसऱ्या दिवशी मित्राचा मुलगा रात्री बॅटरी घेऊन व्हाळात (ओढ्यात) गेला आणि बादलीभर कुर्ल्या (खेकडे) घेऊन आला. जूनमध्ये आला असतास तर चढणीचे मासे मिळाले असते, असे तो मला चार वेळा म्हणाला. पहिल्या पावसात ओढ्यातून, शेतातून वर चढणारे हे मासे. म्हणजे ज्या दोन महिन्यांत समुद्र बंद असतो, त्या दोन महिन्यांचेही तिथे वेगळे जेवण आहे, आणि त्यातले काही वर्षात इतर वेळी मिळत नाही.

परतताना त्याच हॉटेलात चहाला थांबलो आणि मालकाला सरळ विचारले. तो बिचारा लपवाछपवी न करता म्हणाला, “बाहेरची आहे साहेब. आमच्या घरात आज सुकटच आहे. पण तुमची पुण्याची माणसं गाडीतून उतरायच्या आधी सुरमई-पापलेट विचारतात. नाही म्हटलं तर पुढच्या हॉटेलात जातात.” मी गप्प बसलो, कारण दोन दिवसांपूर्वी मीच तो माणूस होतो. पापलेटाची घट थांबावी म्हणून २०२३ साली त्याला राज्यमासा ठरवले, आणि आपण भर पावसाळ्यात पाटावर बसून त्यालाच हाक मारतो.

माझी मागणी मोठी नाही. आपल्या बाजारभावात खोल समुद्रातली, खाडीतली, नदीतली आणि आंध्रातून आलेली मासळी वेगवेगळी दिलेली असते. तेवढा काटेकोरपणा पुरवणीच्या पानावरही असावा. जुलैत कोकणावर लिहिताना किसमूर, गोलमो, कुर्ल्यांचे सार यांची नावे द्या. सुरमईचे कौतुक नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देऊन होड्या बाहेर पडल्यावर छापा, मीही कात्रण काढून ठेवीन. हॉटेलवाल्यांनी फळ्यावर ‘सुरमई, बाहेरची’ एवढे दोन शब्द लिहिले तरी पुरे.

काकींनी निघताना डझनभर सुके बांगडे वर्तमानपत्रात बांधून दिले. (आपल्याच दैनिकात, योगायोगाने.) वाड्यात वरच्या मजल्यावरून दोन वेळा चौकशी झाली, कसला वास येतोय म्हणून. तिसऱ्या वेळी वाटीभर किसमूर वर पाठवली. तेव्हापासून चौकशी वाटी घेऊन होते.

बांगडे संपले आहेत. कृती कोणाला हवी असल्यास आपल्यामार्फत कळवावे, एका पोस्टकार्डावर मावते.

आपला,
एक निवृत्त टपाल कर्मचारी,
कसबा पेठ, पुणे