एक जागा आपल्यासाठी राखून ठेव

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र दोनदा वाचलं. डेटाबेसचा सर्व्हर चालू दिसत होता, पण तुला लॉगिनच होऊ देईना, म्हणून चाळीस मिनिटं वाट पाहून तू शेवटी रीस्टार्ट केलास आणि डेटाबेस वर यायला आणखी तास गेला. इथवर ठीक. पण सकाळी सगळ्यांसमोर कारण विचारलं गेलं आणि तुझ्याकडे सांगण्यासारखं काहीच नव्हतं, हे वाचून मला फार वाईट वाटलं. तू काम चुकवणारा नाहीस. तुला आत जायची वाट कुणी दाखवलेली नव्हती, एवढंच. ती दाखवायला हे पत्र.

आधी त्या रात्री काय झालं असावं ते बघू. एसक्यूएल सर्व्हरमध्ये (मायक्रोसॉफ्टचं डेटाबेस सॉफ्टवेअर) आलेलं प्रत्येक काम करायला एक वर्कर थ्रेड, म्हणजे आतला एक कामगार, लागतो आणि हे थ्रेड मोजके असतात. आठ सीपीयूच्या ६४-बिट मशीनवर, सेटिंग बदललेलं नसेल तर, ५७६. एका सेशनने, म्हणजे आत जोडलेल्या एका कनेक्शनने, एखादं टेबल लॉक करून ठेवलं की मागून येणारा प्रत्येक जण आपापला थ्रेड धरून रांगेत उभा राहतो. रांग वाढत वाढत थ्रेड संपतात. आणि नव्या लॉगिनलाही थ्रेड लागतोच ना! तुझा पासवर्ड बरोबर, अधिकार सगळे, पण ते तपासायलाच आत कुणी मोकळं नाही. अशा वेळी सीपीयूचा आलेख अगदी निवांत असू शकतो, कारण सगळे नुसते वाट बघत असतात. तू लिहिलंयस की आलेख पाहून तू गोंधळलास. मीही गोंधळलो होतो.

यासाठीच २००५च्या आवृत्तीपासून त्यात एक राखीव दार ठेवलेलं आहे: डेडिकेटेड अ‍ॅडमिनिस्ट्रेटर कनेक्शन. आम्ही सगळे त्याला डॅक म्हणतो. थ्रेडना काम वाटणारा त्याचा शेड्युलर वेगळा, नेटवर्कवरचा दार-क्रमांक म्हणजे पोर्ट वेगळा (डीफॉल्ट इन्स्टन्सला सहसा १४३४), त्यामुळे बाकीचे थ्रेड संपले तरी हे दार उघडतं. एसक्यूएलसीएमडीला, म्हणजे कमांड टाइप करून सर्व्हरशी बोलणाऱ्या प्रोग्रॅमला, कॅपिटल ए-चा स्विच दे, किंवा क्वेरी विंडोमध्ये सर्व्हरच्या नावाआधी ‘अ‍ॅडमिन’ आणि कोलन लिही. ऑब्जेक्ट एक्सप्लोररमधून (डेटाबेसांची यादी दाखवणारी खिडकी) जायच्या फंदात पडू नकोस, तो एकाहून जास्त कनेक्शनं मागतो आणि हे दार एका वेळी एकालाच आत घेतं.

हे ‘एकालाच’ मला फार महागात पडलं आहे. माझ्यावर तुझ्यासारखीच वेळ आली तेव्हा डॅक मला माहीत होता. मी माझ्या मशीनवरून जोडायला गेलो, जोडेना. नेटवर्कवरून डॅक मुळात बंदच असतो, तो आधी चालू करून ठेवावा लागतो आणि आम्ही तो केलेला नव्हता. मग रिमोट डेस्कटॉपने थेट सर्व्हरवर गेलो. काळी विंडो उघडली, कमांड दिली, तर उत्तर आलं की एक अ‍ॅडमिन कनेक्शन आधीच आहे. एका सहकाऱ्याने दुपारी त्याच मशीनवर काहीतरी बघायला डॅक उघडला होता आणि विंडो तशीच सोडून तो घरी गेला होता. त्याला उठवून ती बंद करून घेईपर्यंत वीस मिनिटं गेली. त्या वीस मिनिटांत फोन सारखा वाजत होता.

मग आत गेलो. स्क्रीनवर ‘१>’ एवढंच दिसतं आणि पुढे कर्सर लुकलुकत असतो. इथे घाई करू नकोस. पहिल्या दोन ओळी कायम ह्याच: आयसोलेशन लेव्हल ‘रीड अनकमिटेड’, म्हणजे दुसऱ्यांच्या लॉकसाठी न थांबता वाचायचं, आणि लॉक टाइमआउट २००० मिलिसेकंद, म्हणजे दोन सेकंद. नाहीतर तुझी स्वतःचीच क्वेरी त्याच लॉकमागे अडकेल आणि राखीव दारही हातचं जाईल. मास्टर, म्हणजे सर्व्हरच्या स्वतःच्या, डेटाबेसमध्येच उतर. नाहीतर तुझ्या लॉगिनचा नेहमीचा डेटाबेस बंद असेल तर तिथेच अडशील. जड क्वेरी इथे चालवायची नाही, बॅकअप घ्यायचा नाही. या दारामागे जागा फार थोडी असते.

मग विचार, कोण कुणामुळे अडलंय? मी चालू रिक्वेस्टची यादी काढली. सेशन ११२ अडलाय ९८ मुळे, ९८ अडलाय ८७ मुळे, आणखी कितीतरी जण थेट ८७ वर. पण ८७ स्वतः त्या यादीत नव्हता! मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. मग सेशनच्या यादीत पाहिलं. तो होता ‘स्लीपिंग’, आणि त्याच्या नावावर एक ट्रान्झॅक्शन, म्हणजे बदलांचा एक गठ्ठा, उघडी. कुणीतरी ट्रान्झॅक्शन सुरू करून अपडेट चालवला होता आणि कमिट न करताच, म्हणजे बदल पक्का न करताच, उठून गेला होता. त्याच्याकडून काहीच चालू नव्हतं, म्हणून चालू कामांच्या यादीत तो दिसणार कसा? हे नीट लक्षात ठेव, कारण बहुतेक जण इथेच वाट चुकतात आणि जो बिचारा रांगेत उभा आहे त्यालाच मारत बसतात.

सेशन ८७ तोडायला ‘किल ८७’ टाइप केलं, पण कमांड चालवणारं ‘गो’ लिहायच्या आधी स्क्रीनवरचं सगळं कॉपी करून नोटपॅडमध्ये ठेवलं. कुठल्या मशीनवरून, कुठल्या लॉगिनने, शेवटची क्वेरी कोणती, सगळं. तुझ्याकडे सकाळी जे नव्हतं ते हेच. रीस्टार्ट केला की ह्या याद्या पुसल्या जातात. मग ‘गो’ दिलं आणि काही सेकंदांत रांग मोकळी झाली.

प्रत्येक वेळी इतक्या लवकर सुटत नाही. मोठा अपडेट असेल तर रोलबॅकला, म्हणजे झालेले बदल उलटे फिरवायला, वेळ लागतो. त्याची प्रगती ‘किल’ला ‘स्टेटस ओन्ली’ जोडून बघता येते. तेव्हा धीर सोडून रीस्टार्ट केलास तर तेच उलटं फिरवणं डेटाबेस वर येताना पुन्हा करावं लागतं. तुझा तो जास्तीचा तास बहुधा त्यातच गेला.

तुझ्याकडे पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल हे डेटाबेसही आहेत म्हणालास. पोस्टग्रेस मुळात १०० कनेक्शन देतो, त्यातली ३ सुपरयूजरसाठी, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्यासाठी, राखीव. मायएसक्यूएल १५१ देतो आणि अ‍ॅडमिनसाठी वर एक. पण तुमचं अ‍ॅप्लिकेशनच सुपरयूजरच्या खात्याने जोडत असेल तर त्या राखीव जागाही तेच खाऊन टाकतं. मी हे डोळ्यांनी पाहिलंय आणि अजून चीड येते. उद्या ऑफिसात गेल्यावर आधी हे तपास. मायएसक्यूएल ८.०.१४ पासून अ‍ॅडमिनसाठी वेगळा पोर्ट ठेवता येतो, ३३०६२. तो सांगितल्याशिवाय चालू होत नाही, तर चालू करून घे.

लिनक्सबद्दल एकच सांगतो. प्रोसेस इतक्या झाल्या की शेल, म्हणजे कमांड घेणारा प्रोग्रॅम, नवी प्रोसेस काढूच शकत नाही, तेव्हा प्रोसेसची यादी देणारं ‘पीएस’ आणि फाइलींची यादी देणारं ‘एलएस’ दोन्ही चालत नाहीत. पण बॅश या शेलचं ‘किल’ आणि ‘एको’ शेलच्या आतच असतं. ‘एको’पुढे प्रॉक फोल्डर आणि तारा (*) दे, चालू प्रोसेसचे नंबर समोर येतील. म्हणून हाताशी असलेलं रूटचं (मुख्य अ‍ॅडमिन खात्याचं) सेशन अशा वेळी चुकूनही बंद करू नकोस.

आता माझं ऐक. या शनिवारी टेस्ट सर्व्हरवर रिमोट डॅक चालू कर. फायरवॉलमध्ये तो पोर्ट फक्त तुमच्या अ‍ॅडमिन मशीनसाठी उघड. मग एका विंडोत ट्रान्झॅक्शन उघडून अपडेट चालव, कमिट करू नकोस, आणि दुसरीकडून त्याच टेबलावर क्वेऱ्या सोडत राहा. रांग लागली की मला फोन कर. मी लाइनवर थांबतो, तू डॅकमधून जाऊन त्या सेशनचा नंबर मला सांग. झालं की विंडो बंद करायला विसरू नकोस.

तुझा,
जुना मित्र