पाहुणे पक्षी परतीला निघण्याच्या दिवसांची नोंद कोण ठेवणार?

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तलावांवर पाहुणे पक्षी उतरल्याच्या आणि जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना झाल्याच्या बातम्या आपल्या वृत्तपत्रात आवर्जून येतात, याचे मला मनापासून समाधान वाटते. मात्र जानेवारी सरला की हा विषय पानांवरून नाहीसा होतो आणि, जे अधिक खटकते ते म्हणजे, पक्षीनिरीक्षकांच्या वह्यांतूनही. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापासून मार्चअखेरपर्यंतचे दिवस नोंदींच्या दृष्टीने अत्यंत मोलाचे असूनही नेमके तेच कोरे राहतात, हे या पत्राद्वारे वाचकांसमोर मांडावेसे वाटते.

पक्षी आला, हे त्याच दिवशी कळते. काल नव्हता, आज आहे, एवढे पुरते. पक्षी गेला, हे मात्र त्या दिवशी कळत नाही. पुढचे आठ-दहा दिवस तो दिसला नाही की मग वही मागे चाळून त्याची शेवटची नोंद शोधावी लागते, आणि ती तारीख खरी मानता येते ती आपण मधल्या दिवसांतही तिथे गेलो असलो तरच. मागच्या हिवाळ्यात घरच्या अडचणीमुळे माझ्या नेहमीच्या तलावावर मला सलग अकरा दिवस जाता आले नाही. त्याआधीच्या फेरीत थापट्या बदके साठ-सत्तर होती. बाराव्या दिवशी पाण्यावर फक्त वारकरी नावाचे काळे पाणपक्षी आणि दोन लांब पायांचे शेकाटे उरले होते. बदके हळूहळू पांगली की एका रात्रीत सारा थवा उठून गेला, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. त्या तलावावर दुसरे कुणी नोंद ठेवत नव्हते, त्यामुळे ती माहिती कायमचीच गेली.

या दिवसांत पक्षी नुसते जात नाहीत, जाण्याआधी बदलतात. भुवई बदकांचेच पाहा. ती आपल्याकडे येतात तेव्हा नर आणि मादी दोघेही मळकट तपकिरी असतात आणि दुर्बिणीतूनही त्यांना वेगळे ओळखणे कठीण जाते. ज्या पांढऱ्या, रुंद भुवईवरून या बदकाला नाव पडले, ती नराच्या डोळ्यावरून मानेकडे उतरणारी रेघ हिवाळा ओसरू लागला की कुठे ठळक होते. म्हणजे थव्यात नर किती आणि माद्या किती, हे मोजण्याची खरी संधी फेब्रुवारीतच मिळते. पिवळा धोबीही तसाच. डिसेंबरभर चिखलाच्या कडेने शेपटी हलवत फिरणारा फिकट राखी पक्षी मार्चमध्ये छातीपासून पोटापर्यंत असा पिवळाधमक होतो, की पहिल्यांदा पाहणाऱ्याला ही वेगळीच जात वाटावी. काळ्या शेपटीच्या पाणटिवळ्याच्या मानेवर विटकरी रंग चढतो. पिसांचा हा बदल कोणत्या आठवड्यात सुरू झाला, याची साधी नोंद आपल्याकडे फार थोड्या ठिकाणी सापडते.

दिवस मोठा होऊ लागला की स्थलांतरी पक्ष्यांच्या शरीरात प्रवासाची तयारी सुरू होते. ते नेहमीपेक्षा कितीतरी अधिक खातात आणि अंगावर चरबी साठवतात. हीच त्यांची वाटेतली शिदोरी. पट्टकादंबासारख्या पक्ष्याला तर हिमालय ओलांडून तिबेट, मंगोलियाकडे जायचे असते. त्यामुळे या आठवड्यांत छायाचित्रासाठी होडी थव्यात घालणे, किंवा पक्षी उडताना टिपता यावेत म्हणून टाळ्या वाजवणे, हा त्यांच्यावर सरळसरळ अन्याय आहे. मी हे प्रकार डोळ्यांनी पाहिले आहेत आणि दरवेळी तितकाच संताप आला आहे. प्रत्येक वेळी थवा उठला की साठवलेली चरबी खर्ची पडते, चरण्याचा वेळ जातो आणि त्या सकाळची मोजणीही निरुपयोगी ठरते.

नोंद ठेवायला फारसे काही लागत नाही. पहाटे, शक्यतो एकाच ठिकाणी, आठवड्यातून निदान दोनदा किमान पंधरा मिनिटे उभे राहावे. तारीख, वेळ आणि किती वेळ पाहिले ते लिहावे. दिसलेल्या प्रत्येक जातीपुढे संख्या लिहावी. ‘पुष्कळ’ किंवा ‘मोठा थवा’ हे शब्द दहा वर्षांनी कुणाच्याही उपयोगी पडत नाहीत. थवा मोठा असेल तर आधी दहा पक्षी मोजून तेवढ्यांनी किती जागा व्यापली ते नजरेत धरावे आणि त्या मापाने पुढे जावे. अंदाज थोडा चुकला तरी चालतो, रिकामी जागा चालत नाही. ओळखलेल्या सगळ्या जाती लिहिल्या, अगदी कावळा, साळुंकी आणि पारवासुद्धा, तरच जे पक्षी यादीत नाहीत ते त्या दिवशी दिसलेच नाहीत असे म्हणता येते. दुर्मीळ पक्ष्यांच्या मागे लागणाऱ्या मंडळींना हे पटवणे अवघड जाते, असा माझा अनुभव आहे.

या याद्या ‘ई-बर्ड’ या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर घातल्या तर त्या अभ्यासकांपर्यंत पोहोचतात. देशातील पक्ष्यांच्या स्थितीविषयी २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात ९४२ जातींचा आढावा घेतला गेला, तो तीस हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदींच्या आधारे. त्यांत मोठा वाटा हौशी माणसांचा होता. दूरचे स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांची घट चिंताजनक असल्याचे त्याच अहवालातून दिसले. फेब्रुवारीत चार दिवस चालणाऱ्या जागतिक पक्षीगणनेत भारतीय पक्षीनिरीक्षक २०१३ पासून भाग घेत आहेत आणि हा सहभाग वाढत आहे, हे उत्तमच. पण ते चार दिवस झाले की दुर्बिणी पुन्हा कपाटात जातात, हे मात्र व्हायला नको.

तलाव जवळ नसेल त्यांनीही निराश होऊ नये. याच काळात तांबटाची टुक्‌टुक्‌ सुरू होते, दयाळ पहाटे तारेवर बसून गाऊ लागतो, आणि फुललेल्या पळसावर पळसमैनांचे थवे चोचीला परागांची पिवळी भुकटी माखून घेत भांडत असतात. पहिला पळस कधी फुलला आणि शेवटची पळसमैना कधी दिसली, या दोन तारखा दरवर्षी एकाच झाडाखालून लिहिल्या गेल्या, तर त्यांचेही मोल मोठे आहे. घुबडाचे किंवा शिकारी पक्ष्याचे घरटे सापडले तर मात्र त्याची नेमकी जागा जाहीर करू नये.

माझी आपल्याला विनंती अशी की, फेब्रुवारी आणि मार्च हे दोन महिने आपल्या वृत्तपत्रात आठवड्यातून एकदा वाचकांच्या नोंदींसाठी छोटीशी चौकट द्यावी. तिच्यात पक्ष्याचे नाव, संख्या, तारीख आणि ढोबळ ठिकाण एवढेच असावे, आणि ‘या आठवड्यात दिसला नाही’ अशा नोंदींनाही तितकेच स्थान मिळावे. अशी चौकट सुरू झाल्यास माझ्या तीन हिवाळ्यांच्या वह्यांतील तारखा तुलनेसाठी मी आनंदाने पाठवीन. त्यांतील अकरा कोरे दिवस जसे आहेत तसेच ठेवून.

आपली नम्र,
एक पक्षीनिरीक्षक वाचक