रूममेटला सांगून टाक बाळा

प्रिय चिऊ,

काल रात्री फोनवर तू सहज बोलून गेलीस की रूममेटला अजून सांगितलेलं नाही, इन्सुलिन बाथरूममध्ये जाऊन घेते, उगाच कशाला सगळ्यांना सांगत बसायचं. मी "बरं बरं" म्हणालो आणि फोन तुझ्या आईकडे दिला. पण रात्रभर झोप नाही लागली. परवा तू हॉस्टेलचा फोटो पाठवलास त्यात एवढ्या उकाड्यात फुल बाह्यांचा टॉप घातलेला होता, तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं, काल आलं. दंडावरचा शुगर मोजणारा सेन्सर दिसू नये म्हणून ना? फोनवर मला असलं काही बोलायला जमत नाही, म्हणून दुकान उघडायच्या आधी टाइप करत बसलोय. मोठं होणार आहे, क्लास झाल्यावर निवांत वाच.

ही लपवायची सवय तुला मी लावली बाळा. आज तेच सांगायचंय.

तू चौथीत होतीस. महिनाभर नुसती तहान तहान करायचीस, रात्री चार-चारदा लघवीला उठायचीस, युनिफॉर्मचा स्कर्ट कमरेत सैल झाला म्हणून आईने आत पिन लावली होती, आम्हाला वाटलं उंची वाढतेय. पोट दुखायला लागलं, उलट्या सुरू झाल्या, इथल्या एका दवाखान्यात नेलं तर जंताचं औषध देऊन घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी तू भात्यासारखा श्वास घ्यायला लागलीस, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येत होता, तो वास मी अजून विसरलो नाही. गाडी करून लातूरला नेलं, तिथे डॉक्टरांनी बोट टोचून बघितलं, ५४० शुगर. लगेच आयसीयू. टाइप वन डायबेटिस, म्हणजे आपल्याच शरीराने इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी मारून टाकल्यात, तिने गोड खाल्लं म्हणून नाही, तुमच्या हातून काही चुकलं म्हणून नाही, आता रोज बाहेरून द्यावं लागेल, एवढं त्यांनी नीट समजावून सांगितलं होतं. मी ऐकलं, पण डोक्यात एकच वाक्य फिरत होतं. तुझी आत्या दवाखान्याच्या जिन्यात म्हणाली होती, "दादा, मुलीची जात आहे, कुणाला बोलू नका, पुढे लग्नाचं अवघड होईल." दहा वर्षांच्या लेकराचं वजन २१ किलो झालेलं, हाताला सलाईन, आणि मी लग्नाचा विचार करत होतो. आत्यावर राग नको धरू, ती घाबरली होती. ऐकलं मी.

मग घरी आल्यावर सुरू झालं ते तुला आठवतच असेल. इन्सुलिन फ्रीजमध्ये तुपाच्या स्टीलच्या डब्यात, पाहुण्यांना दिसायला नको म्हणून. लग्नकार्यात जेवणाआधी आई तुला बाथरूममध्ये घेऊन जायची, बाहेर मी उभा. शाळेत फक्त मुख्याध्यापकांना सांगितलं, तेही "कुणाला सांगू नका" म्हणून हात जोडून. एका गावठी औषध देणाऱ्याकडेही नेलं तुला मी, तो म्हणाला इंजेक्शन बंद करा, महिन्यात मुळापासून जाईल. तुझी आई काही न बोलता उठली, तुझा हात धरला आणि सरळ बाहेर जाऊन रिक्षात बसली. त्या दिवशी ती उठली नसती तर काय झालं असतं, याचा मी अजूनही विचार करू शकत नाही.

आणि सहावीत गणिताच्या क्लासमध्ये तुझी शुगर एकदम खाली गेली, लो झाली. हात थरथरायला लागले, घाम आला, आकडे दिसेनात. सरांना वाटलं लक्ष नाही, त्यांनी उभं केलं. दप्तरात पार्लेजीचा पुडा होता पण "सगळ्यांसमोर खाऊ नकोस" असं बाबांनी सांगितलेलं, म्हणून तू काढला नाहीस. खाली पडलीस. सरांचा दोष नव्हता, त्यांना माहीतच नव्हतं. माहीत होऊ दिलं नव्हतं मी. तुझ्या कपाळावरची ती बारीक खूण दिसली की मला आतून कसंतरी होतं, हे तुला आज पहिल्यांदा सांगतोय.

मग सातवीत ते टाइप वनच्या मुलांचं शिबिर. डॉक्टर दोन वर्षं म्हणत होते न्या म्हणून, मी दुकानाचं कारण सांगून टाळत होतो, खरं कारण एवढंच की तिथे कुणी ओळखीचं भेटलं तर. शेवटी आईने हट्ट केला. १४ नोव्हेंबरच्या जवळचा रविवार होता, डॉक्टरांनी मुलांना सांगितलं की ज्याला आपण बालदिन म्हणतो तोच दिवस बँटिंग नावाच्या डॉक्टरचा वाढदिवस, ज्याने बेस्ट नावाच्या मदतनिसाला बरोबर घेऊन १९२१ मध्ये टोरांटोला इन्सुलिनवर काम सुरू केलं. आणि मग त्या मुलाची गोष्ट, लिओनार्ड थॉम्पसन, १४ वर्षांचा, वजन तीस किलोसुद्धा नाही. ११ जानेवारी १९२२ ला पहिलं इंजेक्शन दिलं ते नीट लागू पडलं नाही, मग औषध आणखी शुद्ध करून २३ तारखेला परत दिलं आणि शुगर खाली आली. त्याच्या आधी या आजाराच्या मुलांना जवळजवळ उपाशी ठेवायचे, तेवढेच काही महिने जास्त मिळावेत म्हणून. त्या लोकांनी पेटंट विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकलं. हे ऐकताना मी मागच्या खुर्चीवर बसून रडलो, कुणी बघितलं नाही.

पण मला खरं आठवतं ते दुपारचं जेवण. चाळीसएक पोरं पंगतीला बसली आणि ताटं यायच्या आधी सगळ्यांनी एकदम बोटं टोचली. कुणी आडोसा बघितला नाही, शर्ट वर करून पोटात, कुणी मांडीत, कुणी दंडावर, गप्पा मारत मारत. तू माझ्याकडे बघितलंस, बाथरूम कुठे म्हणून. तेवढ्यात शेजारचं पाच-सहा वर्षांचं पोरगं म्हणालं, "ताई तुझी किती आली?" तू हळूच म्हणालीस दोनशे चाळीस. ते म्हणालं, "माझी एकशे दहा! काल तीनशे होती." आणि वरण-भात कालवायला लागलं. तू दोन मिनिटं तशीच बसलीस, मग इन्सुलिनचं पेन काढलं, आणि तिथंच घेतलंस. तीन वर्षांत पहिल्यांदा माझ्यासमोर, बाकीच्यांसमोर.

परत येताना एसटीत मला म्हणालीस, "बाबा, तिथं कुणी मला काय झालंय असं विचारलंच नाही." मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

त्याच शिबिरात मला केज तालुक्यातले ते शेतकरी भेटले, आठवतात का, पांढरा टॉवेल खांद्यावर, पोरगं आठ वर्षांचं. घरी फ्रीज नाही. मोठ्या माठात ओली वाळू, त्यात छोटं गाडगं, गाडग्यात व्हायल, म्हणजे इन्सुलिनची बाटली, वर ओलं फडकं, आणि जास्तीच्या व्हायल तालुक्याच्या मेडिकलवाल्याच्या फ्रीजमध्ये. व्हायल ४० ची, म्हणजे एका मिलीत ४० युनिटची, तर सिरिंज पण ४० चीच पाहिजे, लाल टोपणाची, चुकून १०० ची घेतली तर डोसचा घोळ होतो, हे मला त्यांनीच शिकवलं, आणि मी स्वतःला शिकलेला समजत होतो. मी त्यांना म्हणालो गावात लोक काय म्हणतात? ते म्हणाले, "दादा, म्या तर समद्या गावाला सांगून ठिवलंय. मास्तर, पानटपरीवाला, एसटीचा कंडक्टर. ह्याला घाम फुटला, येड्यावानी बडबडाय लागला की आधी साखर द्या, मग मला फोन लावा." आणि खरंच, जत्रेत पोरगं भेलकांडायला लागलं तर टपरीवाल्यानेच ओळखलं आणि थंडा पाजला. तो माणूस सहज सांगत होता गं. मी तुपाच्या डब्यात लपवत होतो आणि त्याने आख्ख्या गावाला राखणीला बसवलं होतं.

दुसरी ती ताई, शाळेत शिक्षिका, बावीस वर्षांपासून टाइप वन, कडेवर स्वतःचं बाळ. तिने आईबापांना बाजूला बसवून विचारलं, शुगर जास्त आली की घरी पहिला प्रश्न काय असतो? सगळे एका सुरात, "काय खाल्लंस?" ती म्हणाली हा प्रश्न बंद करा. पोरगी मग खरा आकडा सांगणार नाही, वहीत खोटा लिहील. ताप आला तरी वाढते, परीक्षेचं टेन्शन, पाळी यायच्या आधी, पहाटे तर काही न खाता वाढते. आकडा म्हणजे मार्क नाही, पुढे किती युनिट घ्यायचं ते सांगणारी खूण आहे. मला एकदम तुझी वही आठवली, रोज १२०, १२५, १३०. सगळं खोटं होतं ना ते? रागावलो नाही मी, उलट त्या दिवसापासून मी तो प्रश्न सोडला. फुलक्याला साधारण पंधरा ग्रॅम कार्ब, म्हणजे कार्बोहायड्रेट, धरायचे, भात वाटीने मोजायचा, पुरणपोळीला किती जास्तीचं घ्यायचं, हे आपण दोघांनी एकत्र शिकलो, आणि त्या होळीला तू दोन पुरणपोळ्या खाल्ल्यास, मोजून, इन्सुलिन घेऊन, सगळ्यांच्या पंगतीत. आजी घाबरली होती. मी नाही घाबरलो.

त्या शिबिरातल्या लोकांनी आपल्याला किती सांभाळलं ते विसरू नकोस. लॉकडाऊनमध्ये तुझं इन्सुलिन कुठेच मिळेना, तर परळीच्या एका मुलाच्या वडिलांनी स्वतःच्या पोराच्या साठ्यातल्या पेनात घालायच्या इन्सुलिनच्या दोन कार्ट्रिज भाजीच्या टेम्पोतून पाठवल्या. आपलं नातं काय होतं त्यांच्याशी? काही नाही. पोरांचं एक होतं तेवढंच. दहावीला हॉलमध्ये ग्लुकोमीटर आणि बिस्किटं न्यायची होती तेव्हा त्याच ताईने सांगितलं की सीबीएसईने २०१७ मध्येच डायबेटिसच्या मुलांना परीक्षेत खाऊ न्यायची परवानगी दिलीय, त्याचा प्रिंट काढून घेऊन जा. ते परिपत्रक आपल्या बोर्डाचं नव्हतं, तरी मी तो कागद घेऊन शाळेत गेलो, आणि पहिल्यांदा स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर मोठ्याने बोललो, माझ्या मुलीला टाइप वन डायबेटिस आहे. आवाज कापत होता. पण कुणी काही वाईट बोललं नाही, शिपाईमामांनी तर रोज पेपरच्या आधी तुला विचारलं, बिस्किट घेतलंस का म्हणून.

तुला क्रिकेटचं एक सांगितलं नसेल मी. जानेवारी १९९९, चेन्नईची पाकिस्तानविरुद्धची टेस्ट, सचिन पाठदुखी घेऊन १३६ वर खेळत होता, सकलेनच्या बॉलवर उडालेला कॅच वसीम अक्रमने घेतला आणि आपण १२ रनांनी हरलो. मी कॉलेजात होतो, दोन दिवस नीट जेवलो नाही, अक्रमचा एवढा राग. तुझ्या आजारानंतर वाचलं की त्याला १९९७ मध्ये, तिशीत, डायबेटिस निघाला होता, म्हणजे त्या मॅचला तो इन्सुलिन घेऊनच कॅप्टन म्हणून उतरला होता. त्यानंतरही खेळत राहिला, २००३ च्या वर्ल्डकपमध्ये वनडेत ५०० विकेट घेणारा पहिला बॉलर झाला. आता तो कॅच टीव्हीवर दाखवला की राग येत नाही मला, तुझी आठवण येते.

आणि तो टेनिसवाला झ्वेरेव्ह तूच मला दाखवलास जूनमध्ये, फ्रेंच ओपनची फायनल. लहानपणापासून टाइप वन, जगाला सांगितलं मात्र २०२२ मध्ये. तूच म्हणालीस की २०२३ ला त्याला कोर्टवर इंजेक्शन घेऊ नको, बाहेर जाऊन घे असं सांगितलं होतं, दिसायला बरं दिसत नाही म्हणून, आणि तो उघडपणे बोलला की हे घेणं माझ्या जगण्यासाठी आहे. तेव्हा तुझा चेहरा लाल झाला होता रागाने. मग आता तू स्वतःच स्वतःला बाहेर का पाठवतेस बाळा? हॉस्टेलच्या त्या ओल्या बाथरूममध्ये पेन पडलं, फुटलं तर?

कॉलेजात सगळ्यांना नको सांगू, ते तुझं तू ठरव, तुझं शरीर आहे. पण ती जी मुलगी तुझ्यापासून चार फुटांवर झोपते तिला आज सांग. रात्री लो झाली तर तुझ्यापर्यंत आधी तीच पोचणार आहे, आम्ही इथून पाच-सहा तास लांब. तिला एवढंच सांग की घाम, थरथर, उगाच चिडचिड, असंबद्ध बोलणं दिसलं तर मशीनवर बघ, ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी परत बघ, नाही वाढली तर परत दे. आणि बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं, १०८ ला फोन, मग मला. साखरेचा डबा कुठे आहे तो तिच्या हाताने उघडायला लाव एकदा. ती घाबरेल कदाचित सुरुवातीला. घाबरू दे, मी पण घाबरलो होतो, नंतर सवय होते.

पार्सल आजच्या रात्रीच्या ट्रॅव्हल्सने येतंय. सुया दोन बॉक्स, स्ट्रिप्स, ग्लुकोजचे पुडे, आईने राजगिऱ्याचे लाडू दिलेत, रूममेटसाठी पण आहेत. पाच कार्ट्रिज थर्मासमध्ये, बर्फाला थेट लागू नयेत म्हणून आईने नॅपकिनमध्ये गुंडाळल्यात, गोठलं की वाया जातं. मघाशी स्टँडवर जाऊन ड्रायव्हरशी बोलून आलो. त्याने विचारलं काय आहे यात एवढं जपून? मी सांगितलं, इन्सुलिन आहे, माझ्या मुलीचं, तिला टाइप वन आहे, ती पुण्यात शिकते. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला मागे डिकीत नको टाकायला, गरम होतं, माझ्या सीटजवळ ठेवतो. सकाळी सहाला स्वारगेटला ये. जमलं तर तिला पण घेऊन ये.

तुझा,
बाबा