नोंदणीअभावी खिडक्या बंद

संपादक महोदय,
सप्रेम जय भीम.

गेल्या महिन्यात सहकुटुंब भूतानला जाऊन आलो. राजधानी थिंफूच्या मेमोरियल चोर्तेनला, म्हणजे स्मारक स्तूपाला, म्हातारीकोतारी माणसं माळ ओढत प्रदक्षिणा घालत असतात. माझ्यासारख्या बौद्धाचा तिथून पाय निघेना. परतीच्या वाटेवर आमचा चालक बोलता बोलता म्हणाला, "मी ख्रिस्ती आहे." रविवारी पाच-सहा घरची माणसं कुणाच्या तरी खोलीत जमतात, खिडक्या लावून घेतात आणि शेजारी ऐकू जाणार नाही इतक्या हळू गातात. ते ऐकल्यापासून चैन नाही.

भूतानच्या २००८ च्या राज्यघटनेने प्रत्येक नागरिकाला धर्माचं स्वातंत्र्य दिलं आहे. राजा सर्व धर्मांचा रक्षक असल्याचंही तीत लिहिलं आहे. गाडी अडते नोंदणीपाशी. २००७ च्या कायद्याखाली 'छोदे ल्हेनत्शोग' हे मंडळ धार्मिक संस्थांची नोंद करतं. बौद्ध संस्थांची नोंद झाली, हिंदूंच्या एका शिखर संस्थेचीही झाली; ख्रिस्ती मंडळींची मात्र नाही. घरात प्रार्थना करायला आडकाठी नाही. पण नोंद नसेल तर जाहीर सभा नाही, वर्गणी नाही, संस्थेच्या नावे जागा नाही.

याचा अर्थ मी अनुभवला आहे. धर्मादाय आयुक्तांकडे नोंद होईपर्यंत आमच्या वस्तीतल्या विहाराची वर्गणी वडिलांच्या पत्र्याच्या ट्रंकेत असायची. बँकेत खातं उघडेना. जागा एका उपासकाच्या नावावर होती. ते वारले आणि मुलांनी हक्क सांगितला. विहार वाचवताना वडिलांची चार वर्षं गेली.

इवलासा देश, आपली संस्कृती टिकेल का ही भूतानची धास्ती मला समजते. पण जबरदस्तीने किंवा आमिषाने धर्मांतर करवणं तिथे २०११ पासून गुन्हा आहेच. मग नोंदणी अडवून काय साधतं? नोंद असली तर हिशेब तरी तपासता येतात.

आणि आमिषाचं म्हणाल, तर १९५६ साली नागपुरात दीक्षा घेऊन आलेल्या माझ्या आजोबांनाही गावात विचारत, "काय मिळालं रे तुला?"

ख्रिस्ती मंडळींची नोंद व्हावी, असं महाराष्ट्रातल्या बौद्ध संस्थांनी भूतानच्या दिल्लीतल्या दूतावासाला लेखी कळवावं. आमच्या विहाराचं पत्र येत्या पौर्णिमेच्या बैठकीत मी मांडणार आहे.

— एक वाचक, अमरावती