हॅलोविनच्या संध्याकाळी बुंदीला सांभाळताना

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

भाऊबीज झाली की तुम्ही निघणार. इथे येऊन झोपेचं वेळापत्रक जागेवर येतंय न येतंय तोच ३१ ऑक्टोबर, म्हणजे हॅलोविन, मुलं सोंगं घेऊन घरोघरी चॉकलेट मागतात तो सण. त्या संध्याकाळी निखिल ऑफिसच्या कामाला बाहेरगावी आहे आणि मी अर्णवला घेऊन घरोघरी फिरणार. घरात तुम्ही दोघं आणि आमची कुत्री बुंदी. फोनवर सांगायला गेलं की बाबा नुसतं "हो हो" करतात आणि आई मध्येच "जेवलीस का" विचारते, म्हणून लिहूनच पाठवतेय.

आई, तुझा संबंध दाराशी. साडेपाचपासून आठपर्यंत मुलांची रीघ असते. बेल वाजवतात, "ट्रिक ऑर ट्रीट" ओरडतात, चॉकलेट घेतात, पुढच्या घरी पळतात. तू सांगलीच्या सवयीनं दार सताड उघडून "आत या रे बाळांनो" म्हणशील, आणि तेवढ्यात बुंदी पायांतून सटकेल. तिच्या कातडीखाली चिप आहे, पण ती कुठे आहे हे चिप सांगत नाही. कोणी तिला धरून डॉक्टरकडे नेलं आणि यंत्रानं नंबर वाचला, तरच आमचा पत्ता लागतो. म्हणून पाचलाच तिला वरच्या खोलीत ठेवायचं. पाणी, तिची गादी, आणि बाबांचं नाट्यसंगीत जरा मोठ्यानं, म्हणजे बेल कमी ऐकू येईल. पट्टा आणि नंबरचा बिल्ला खोलीतही गळ्यात राहू दे. फिरवून चारलाच आणायची; नंतर मागच्या अंगणात, तेही साखळी हातात धरूनच. दमलीस तर चॉकलेटचं पातेलं पायरीवर ठेव आणि बाहेरचा दिवा मालव. दिवा बंद असला की सहसा कोणी बेल वाजवत नाही, इथली रीतच आहे ती.

ती भुंकली म्हणून रागावू नका. रोज लाड करणारी शेजारची पोरं त्या दिवशी मुखवटे, टोप्या, झगे घालून येतात. चेहरा दिसत नाही, चाल बदललेली, तिनं ओळखायचं कसं? समोरच्यांनी तर अंगणात १२ फुटी सांगाडा उभा केलाय. त्याच्यासमोरून जाताना ती रस्ता ओलांडायला लावते. शेपूट पोटाशी, सारखी ओठांवरून जीभ फिरवणं, झोप नसताना जांभया, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, ही सगळी घाबरल्याची लक्षणं. आपला मोत्या लक्ष्मीपूजनाच्या रात्री कॉटखाली जायचा तेव्हा बाबा त्याला ओढून काढू द्यायचे नाहीत. तेच इथे करायचं.

आता बाबा. तुम्ही येताना तासगावचे बेदाणे आणणार, आणि खुर्चीखाली बुंदी बसली की दोन-चार तिच्या तोंडात जाणार, हे मला इथून दिसतंय. द्राक्षं, बेदाणे, मनुका यांनी कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते. किती खाल्ले की होतं याचा नेम नाही. एखाद्याला थोडक्यातच होतं. द्राक्षातलं टार्टारिक आम्ल कारण असावं, असं आता पशुवैद्य मानतात. चिंचेतही तेच असतं, म्हणून आपली आमटीही नको. बेसनाच्या लाडवात बेदाणा, चिवड्यात बेदाणा. तेव्हा फराळाचे डबे वरच्या फळीवर. मोत्या सगळं खाऊन १४ वर्षं जगला, हे तुम्ही म्हणणार. जगला खरा, पण त्याच्या ताटलीत बेदाणे कधी पडले होते? भाकरी-दूधच असायचं.

चॉकलेटचं तसंच. त्यातलं थिओब्रोमाइन आपल्याला पचतं. कुत्र्याच्या अंगातून मात्र निम्मं उतरायलाच १७-१८ तास लागतात. जितकं काळं, कडू चॉकलेट तितकं वाईट. त्याहून घातक म्हणजे बिनसाखरेचं च्युइंगम. त्यात झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) असलं तर कुत्र्याच्या रक्तातली साखर धाडकन खाली येते. बाबा, डायबेटिसमुळे तुमच्या खिशात तेच असतं, म्हणून कोट खुंटीवर उंच टांगा. अर्णवची पिशवी मी येताच कपाटात ठेवीन. रिकामे कागदही जमिनीवर नकोत. ती कागदासकट गिळते आणि आतड्यात अडकलं की ऑपरेशनच.

चुकून काही खाल्लंच तर मीठ-पाणी पाजून ओकवायला जाऊ नका. मिठानंच ती दगावू शकते. कागद जपून ठेवा, किती गेलं त्याचा अंदाज घ्या आणि मला फोन लावा. ती १० किलोची आहे, हे लक्षात ठेवा, डॉक्टर आधी वजनच विचारतात. प्राण्यांच्या विषबाधेसाठी इथे दिवसरात्र चालणारी हेल्पलाइन आहे. फी घेतात, पण काय करायचं ते नेमकं सांगतात. नंबर फ्रिजवर चिकटवलाय. ती ठीक दिसते म्हणून थांबायचं नाही, त्रास कधी कधी काही तासांनी सुरू होतो.

आई, बुंदीसाठी खणाचं झबलं शिवलंयस म्हणे. न्यूयॉर्कच्या टॉम्पकिन्स स्क्वेअर भागात तर कुत्र्यांची वेशभूषेची मिरवणूकच निघते, तेव्हा हौस तुझी एकटीची नाही. पण आल्यावर आधी पाच मिनिटं घालून बघू. ती पुतळ्यासारखी उभी राहिली तर तिला आवडलंय असं समजू नकोस, लगेच काढायचं. बटणं आणि लटकन मात्र आत्ताच उसवून ठेव, ती चावून गिळेल. हॅलोविनला कोरून ठेवतात त्या भोपळ्यात मेणबत्ती नको, मी बॅटरीचे दिवे आणलेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिरवताना साखळी आखूड धरा, फुटपाथवर गोळ्या आणि कागद पडलेले असतात. बाबा, बीपीच्या गोळ्या हातातल्या बॅगेत ठेवा, सामानात नको. आणि आई, मेतकूट विसरू नकोस.

तुमची,
मनू